मागचे दोन पाइप

"हे ते नव्हेत," कास्टनर म्हणाला आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

चिंधी कुणी पुढे केली नाही. शेवटी त्याने खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि त्याची वाट लावून घेतली. जुन्या शर्यतगाड्यांच्या म्युझियमचा माणूस. लॉस एंजलिसहून घाट उतरून आमच्या ऑइलडेलला आला होता, तोही शनिवारचा, आणि लेडबेटरांच्या वर्कशॉपमध्ये त्याला कुणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे टेबलावर. टेबलावर जुनी घोंगडी, घोंगडीवर हॉलिस लेडबेटरचे हेडर, म्हणजे इंजिनातली आग बाहेर टाकणारे पाइप. चार पाइप डाव्या बाजूचे, चार उजव्या बाजूचे. इंजिनातून बाहेर येऊन मागे आणि वर वळणारे.

हॉलिसने चौसष्ट साली ते हाताने वाकवले आणि हाताने सांधले होते. त्यांच्या तोंडातून निघणारी आग मागच्या टायरांभोवतीचा धूर उडवून द्यायची, आणि त्या उन्हाळ्यात पाव मैलाच्या सरळ पट्टीवर हॉलिसच्या पिवळ्या ड्रॅगस्टरने कुणालाच पुढे जाऊ दिलं नाही. नंतर लोकांनी विनवण्या केल्या, बड्या शर्यतवाल्यांनी गाड्या पाठवल्या, पण त्याने दुसरा जोड केला नाही. जगात एकच जोड, हे आमच्याकडे पोरंटोरंही सांगतात.

"ते नव्हेत म्हणजे काय?" डॅरलने विचारलं. एक हात कमरेवर. हा हॉलिसचा थोरला, टायरच्या दुकानाचा मालक. जानेवारीत बापाची शवपेटी उचलताना त्याची कंबर जी धरली ती अजून सुटली नव्हती. 'पायाकडची बाजू माझ्या वाट्याला आली होती,' हे तो टायर बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे.

"तो फोटो बघा." कास्टनरने भिंतीकडे बोट केलं. त्या उन्हाळ्यात मासिकात छापून आलेला फोटो, चौकटीत. वेन्डल गाडीत बसलाय, इंजिनाच्या मागे, पाइपांच्या तोंडाशी. हॉलिस टायरवर हात ठेवून उभा. "मागचे दोन पाइप बघा, ड्रायव्हरच्या सगळ्यात जवळचे. सरळ मागे तोंड आहे. आणि हे? हे बाहेरच्या अंगाला वळवलेत. आता आत बोट घाला. नायट्रो, म्हणजे शर्यतीचं इंधन, जळलेल्या पाइपाला आतून खरखरीत पापुद्रा धरतो. इथे गुळगुळीत. हे पाइप कधी पेटलेलेच नाहीत, मिस्टर लेडबेटर."

"मग आहे काय हे?"

"नक्कल. फार जुनी नाही. पण हात चांगला आहे."

असं म्हणून त्याने लुअॅनकडे, हॉलिसच्या वेल्डर लेकीकडे, बघितलं. कदाचित पंखा त्या बाजूला होता म्हणून बघितलं असेल. पण व्हायचं ते झालं.

कास्टनर गेला. हॉलिसच्या बायकोने, इमोजीनने, कागदी ताटलीत भाजलेलं मांस आणि बीन्स वाढून दिले होते, ते तसेच ठेवून गेला. 

डॅरलला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तो रडला असता. त्याला ना वेल्डिंग येत होतं ना पाइप वाकवता. बारा वर्षांचा असताना बाप म्हणाला होता, "तुझ्या हाताला घाई आहे," आणि वेल्डिंगची टॉर्च काढून धाकट्या बहिणीच्या हातात दिली होती. बापासाठी त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, म्युझियमच्या भिंतीवर बापाच्या नावाची पाटी. त्याने पत्रं लिहिली, फोन केले, कास्टनरच्या मागे लागला. दुकानात सगळ्यांना सांगूनही बसला होता. आता सोमवारी तोंड कसं दाखवायचं?

"तुला काही बोलायचंय?" तो लुअॅनला म्हणाला.

"मी काय बोलू?"

"तो काय म्हणाला ऐकलंस ना? हात चांगला आहे म्हणे. या गावात चांगला हात कुणाचा आहे? माझा?"

"सरळ बोल, डॅरल."

"सरळच बोलतोय. वर्कशॉपची किल्ली कुणाकडे? तुझ्याकडे. पाइप आढ्याला टांगलेले होते, त्यांना हात लावायची परवानगी कुणाला? तुला. सकाळी ते उतरवले कुणी? तूच."

"मग मी अस्सल पाइप विकून खाल्ले, असंच ना?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"म्हणायचं काय ठेवलंस?"

कोपऱ्यात बसून इमोजीन कागदी रुमालांच्या घड्या घालत होती. सहा माणसांचं जेवण, आणि ती दोन डझन रुमालांच्या घड्या घालत होती. तिच्या पोरांना हे दिसायला हवं होतं. पण भांडणाऱ्या पोरांना आई कधी दिसते?

लुअॅनच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. सकाळी शिडीवर चढून तिने पाइपांवरचं पोतं काढलं, तेव्हाच तिला खटकलं होतं. धूळ कमी होती. इतकी वर्षं आढ्याला टांगलेल्या लोखंडावर बोटभर धूळ हवी. ती गप्प बसली, कारण तिला वाटलं डॅरल आधीच येऊन गेलाय. गेले दोन महिने तिला प्रत्येक गोष्टीत डॅरलच येऊन गेल्यासारखा वाटत होता. त्याला कारणही तसंच होतं.

"बरं, आता मी एक विचारू?" ती म्हणाली. "साचा कुठे आहे?"

"कुठला साचा?"

"कुठला साचा म्हणे! ज्याच्यावर हे पाइप वाकवले तो. बिडाचा. त्या कोपऱ्यात माझ्या जन्माआधीपासून पडून होता, हलवायला दोन माणसं लागायची. डॅडीला पुरून आलो आणि त्याच आठवड्यात बघते तर जागा रिकामी. खाली गंजाचा चौकोन तेवढा राहिलाय, जाऊन बघ."

"आणि तो मी नेला?"

"तुझ्या दुकानामागे भंगारवाल्याचा ट्रक येतो."

"डॅडीचा साचा मी भंगारात घालीन? मी?" डॅरलचा आवाज चिरकला. "कमरेतून वाकून मला बुटाची नाडी बांधता येत नाहीये जानेवारीपासून, आणि मी बिडाचा साचा उचलून नेला!"

"माणसं लावली असशील."

"ममा, ऐकतेयस ना ही काय बोलतेय?"

"ऐकतेय," इमोजीन म्हणाली आणि आणखी एक रुमाल घेतला.

त्याच वेळी दारात सावली पडली. वेन्डल. हॉलिसचा धाकटा भाऊ, फोटोतला ड्रायव्हर, आता सत्तरीचा. डावा डोळा पांढरा, मिटत नाही आणि काही बघतही नाही. चौसष्टच्या सप्टेंबरात शर्यत जिंकता जिंकता त्याच्या तोंडावर पेटतं इंधन उडालं होतं. गॉगल सैल होता, असं हॉलिसने सांगितलं, आणि हॉलिसने सांगितलं म्हणून साऱ्या गावाने तेच सांगितलं. वेन्डल अ‍ॅरिझोनाला निघून गेला. तेव्हापासून ख्रिसमसला एक कार्ड, त्यावर फक्त सही. अंत्यविधीला आला होता तो लांब झाडाखाली उभा राहिला. पेटी उचलायला ये म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली.

आज त्याला इमोजीननेच बोलावलं होतं. उद्या रविवारी गावाबाहेरच्या पट्टीवर जुन्या गाड्यांचा कॅकल. आमच्या म्हाताऱ्या गाड्या आता शर्यत लावत नाहीत. त्यांना पिकअपने मागून ढकलून चालू करायचं, ओळीने उभं करायचं आणि आग ओकत मनसोक्त किंचाळू द्यायचं, एवढंच. त्यासाठी लोक तीन तीन राज्यं ओलांडून येतात आणि डोळे पुसत उभे राहतात. नायट्रोच्या धुराने पाणी येतं, असं सांगतात. हॉलिसची गाडी उद्या हेडर लावून एकदा चालू करायची आणि मग हेडर म्युझियमला द्यायचे, असं ठरलं होतं. आत वेन्डल बसणार, ही इमोजीनची अट.

"या, अंकल वेन्डल," डॅरल म्हणाला. त्या 'या'मध्ये स्वागत काही नव्हतं. "बरं झालं आलात. अंत्यविधीच्या दिवशी आम्ही सगळे चर्चमध्ये होतो, तेव्हा तुमची गाडी इथे बाहेर उभी होती. माझ्या बायकोने बघितली."

वेन्डलने टोपी काढली. "होती."

"काय करत होतात?"

"खिडकीतून आत बघत होतो. कुलूप होतं."

"बरोबर आम्ही नसतानाच?"

"तुम्ही असताना कशाला येईन?"

"आणि या पाइपांवर तुमचा राग नव्हता, असं मी समजायचं?"

वेन्डल टेबलाजवळ आला. एका डोळ्याने बघायचं म्हणून त्याने मान तिरकी केली. "पाइपांवर राग कशाला धरायचा? पाइप बिचारे जिकडे तोंड करून दिले तिकडे आग टाकतात."

 आजवर या घरात गॉगलबद्दलच बोललं गेलं होतं. पाइपांच्या तोंडाबद्दल कुणी बोललं नव्हतं. इमोजीनचे हात थांबले.

"काय आहे हे सगळं?" वेन्डलने विचारलं.

"हे पाइप खोटे आहेत," डॅरल म्हणाला. "अस्सल गेले. एकतर तुम्ही नेले, नाहीतर हिने. नाहीतर दोघांनी मिळून. हिला करता येतात आणि तुम्हाला नकोसे होते. जमतंय की."

 लुअॅनने डाव्या बाजूचा हेडर उचलून खिडकीशी नेला होता आणि सांध्यावरून अंगठा फिरवत होती. एकेक टाका, एकाला एक लागून. इतकी वर्षं ती हेच करत आली होती आणि हा हात तिचा नाही, एवढं तिला अंगठा लावताक्षणी कळलं. मग कुणाचा? पहिला इंचभर सांधा सुरेख होता. मग टाके डळमळत होते, थांबत होते, पुन्हा नेटाने सुरू होत होते. प्रत्येक सांध्याच्या शेवटी किंचित उजवीकडे वळलेली शेपटी होती. ती शेपटी तिने लहानपणापासून पाहिली होती. तिने खूप प्रयत्न करूनही तिला ती कधी जमली नव्हती.

डॅडी.

 मागच्या उन्हाळ्यात ती तेलाच्या विहिरींवर वेल्डिंगच्या कामाला जायची आणि संध्याकाळी घरी येऊन विचारायची, "डॅडी, दिवसभर काय केलं?" तो कापऱ्या हातांनी कॉफी सांडत म्हणायचा, "बसलो होतो." म्हणजे बसला नव्हता. हे करत होता, तिच्याच वर्कशॉपमध्ये, तिला चोरून. का? आणि अस्सल पाइपांचं त्याने काय केलं? हे आता भावाला सांगायचं म्हणजे बापानेच नक्कल करून आढ्याला टांगली आणि साऱ्यांना फसवलं, असं सांगायचं. म्युझियमच्या पाटीसाठी झुरणाऱ्या डॅरलला! आणि तो विश्वास तरी ठेवेल? स्वतःची चोरी मेलेल्या बापावर ढकलतेय म्हणेल.

"काय बघतेयस?" डॅरलने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? चेहरा बघ तुझा. लपवतेयस काहीतरी."

"डॅरल, पुरे."

"नाही पुरे! ममा इथे आहे, तिच्यासमोर सांग. नसेल सांगायचं तर वर्कशॉपची किल्ली ठेव इथे. तुला काय वाटलं, डॅडी गेल्यावर सगळं तुझंच? चोरीचा माल जिथून गेला तिथे मी तुला उद्यापासून..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण 'चोरी' हा शब्द निघून गेला होता. लुअॅनने पट्ट्याला लावलेला किल्ल्यांचा जुडगा ओढून काढला. दाराची, मागच्या फाटकाची, हत्यारांच्या कपाटाची. ती बाथरूमला जातानाही हत्यारांचं कपाट बंद करून जाणारी बाई. तिने जुडगा फरशीवर फेकला. तो घसरत गाडीच्या पुढच्या चाकाशी जाऊन थांबला.

"घे," ती म्हणाली. "जन्मभर सांभाळ."

इमोजीनने जुडग्याकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षं तिने नवऱ्याची गोष्ट पोटात ठेवली होती, आणि शेवटी त्याने वचनही घेतलं होतं. कुणाला सांगू नकोस, इमोजीन. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा नाही, असं तिला आईने शिकवलं होतं. पण तिच्या आईच्या फरशीवर तिच्या लेकीच्या किल्ल्या पडल्या नव्हत्या. तिने रुमालांचा गठ्ठा बाजूला सारला.

"उचल त्या किल्ल्या," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

"ठीक आहे. मग आधी ऐका. हे पाइप हॉलिसने केलेत. मागच्या उन्हाळ्यात. हात थरथरायचा म्हणून मी शेजारी तोंडावर वेल्डिंगचा दुसरा मुखवटा लावून बसायचे आणि त्याचं मनगट धरायचे. मी दमले की तो थांबायचा. म्हणून टाके असे तुटक आलेत. लुअॅन, तुला कळलंय, मघाशीच कळलंय. तरी बोलली नाहीस. बापावर गेलीस अगदी."

"ममा," डॅरल हळूच म्हणाला, "का पण?"

"कारण गॉगल घट्ट होता."

वेन्डलचा हात टोपीवर थांबला.

"घट्ट होता, वेन्डल. मीच बांधला होता त्या दिवशी. मागचे दोन पाइप हॉलिसने सरळ मागे वळवले होते, टायरवर नेम धरून. मी म्हटलं, अरे, तिथे माणूस बसतो. तर म्हणाला, काही होत नाही, टायरवरचा धूर तरी उडेल. एका सिलिंडरने दगा दिला आणि न जळलेलं नायट्रो तुझ्या तोंडावर येऊन पेटलं. त्याला त्या रात्रीच कळलं होतं. सांगता आलं नाही. मग लोक त्याच पाइपांची वाहवा करायला लागले आणि मग तर अजिबातच सांगता आलं नाही. दुसरा जोड का केला नाही? लोकांना वाटलं ताठा. कसला ताठा, त्याला त्या साच्याला हात लावायचं धैर्य नव्हतं."

"फोन करता आला असता," वेन्डल म्हणाला. 

"मी हजार वेळा म्हटलं, फोन कर. त्याने फोन केला नाही. पाइप केले." इमोजीनने टेबलावरच्या हेडरकडे बोट केलं. "या घरातल्या पुरुषांना तोंड फक्त जेवायला दिलंय. साचा कापून त्याने मागचे दोन पाइप बाहेर वळवले, चौसष्ट साली वळवायला हवे होते तसे. म्हणाला, मी गेल्यावर वेन्डलला बोलाव आणि गाडीत बसव. त्याला कळेल. मी विचारलं, आणि नाही कळलं तर? तर गप्प बसला."

 

"आणि अस्सल?" डॅरलने विचारलं. "ममा, अस्सल पाइप कुठे आहेत? म्युझियमला ते हवेत. मी शब्द दिलाय."

"ते पाइप भिंतीवर लावून त्याखाली त्याचं नाव लिहायचं, हे त्याला नको होतं. त्या पाइपांपुढे लोकांनी टोप्या काढायच्या आणि वेन्डलने एका डोळ्याने बघत राहायचं?"

"पण आहेत कुठे?"

इमोजीनने लेकाकडे नीट बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते दाबायला तिला कागदी रुमाल तोंडाला लावावा लागला.

"डॅरल, तुझा बाप शेवटी किती उरला होता? उचलून मी त्याला बाथरूमला नेत होते. मी, या वयात. मग तुझी कंबर कशाने धरली, असा विचार तू एकदाही केला नाहीस?"

डॅरलचा हात आपसूक कमरेवर गेला.

"पेटीचं झाकण दोन भागांत असतं," ती म्हणाली. "तोंड बघायला वरचा भाग उघडतात, पायाकडचा कुणी उघडत नाही. बडी टिल्सनच्या फ्युनरल होममधून नेऊन त्याला पुरलं ना? तो बडी या गाडीला थांबवणारं मागचं पॅराशूट बांधायचा कधीकाळी. हॉलिसने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. माणसं घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. पाइप एका पायाशी चार, दुसऱ्या पायाशी चार. वर माझी रजई."

"आणि साचा?" लुअॅनने विचारलं.

"साचाही. मधे. म्हणाला, हा कुणाच्या हाती लागायला नको."

"पायाकडची बाजू माझ्याकडे होती," डॅरल म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर शंभरदा म्हटलं होतं, पण या वेळी ते तो स्वतःलाच सांगत होता. "मला वाटलं... मला वाटलं होतं, आपला बाप गेला की असंच जड लागत असेल."

कुणी हसलं नाही. लुअॅनने तर तोंड फिरवलं.

वेन्डल गाडीकडे गेला. लांबलचक, पिवळी, दोन माणसांच्या खांद्याएवढी अरुंद. टायरला धरून, गुडघे कुरकुरत, तो मागच्या बैठकीत उतरला. फोटोत बसला होता तसाच बसला. त्याच्या समोर इंजिन, इंजिनाच्या दोन्ही अंगांना पाइप लावायची उघडी भोकं.

"लुअॅन," तो म्हणाला, "लाव बघू. बसल्या जागेवरून तोंड कुठे येतं ते बघायचंय मला."

"आत्ता?"

"उद्या पेटवायचे आहेत ना? मग आज बघायला नको? लेडबेटरने केलेल्या पाइपांवर मी आता डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. एकच राहिलाय."

लुअॅनने हेडर उचलला आणि थांबली. पाना लागणार होता. पाना हत्यारांच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. तिने किल्ल्यांकडे बघितलं नाही, पण बाकीच्यांनी बघितलं.

"मी घेते," इमोजीन उठत म्हणाली.

"तू बस, ममा." डॅरल पुढे झाला. चाकाशी जाऊन आधी त्याने टायरवर हात टेकला, मग एक गुडघा टेकला आणि मग तोंडातून एक असभ्य शब्द काढत दुसरा. जुडगा हाताला लागला. तिथेच, चार पायांवर, त्याचं अडकलं. वर येता येईना.

लुअॅन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते आणि त्यासाठी नायट्रोचं कारण सांगायची सोय नव्हती.

"मी चोर म्हणायला नको होतं तुला," तो म्हणाला.

"नको होतंस."

"तूही मला भंगारवाला म्हणालीस."

"म्हणाले."

त्याने एक हात वर केला. तिने तो धरला नाही, तळवा पुढे केला.

"आधी किल्ल्या," ती म्हणाली.

त्याने दिल्या. मग तिने त्याला उठवलं.